आधी टायर, मग शॉक-अप

भिवंडीहून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे माउंटन बाइक काढणाऱ्यांना पहिला मोह होतो तो नव्या शॉक-अपचा. जरा थांबा. जमिनीला टेकतो फक्त टायर, तोही तळहाताएवढ्या जागेत. पकड आणि धक्का तिथेच ठरतो. पावसाळ्यातल्या चिखलासाठी खोल नक्षीचा, रुंद टायर घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. हवेचा हा बदल तर फुकटच! मात्र हवा फारच उतरवली, तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

त्यानंतर ब्रेक पॅड. मग चेन. पट्टी लावून पाहा: नव्या चेनच्या २४ कड्या म्हणजे पिनेपासून पिनेपर्यंत नेमके १२ इंच. हे माप १/१६ इंचाने वाढलं, की चेन बदला. १/८ इंचापर्यंत दुर्लक्ष केलं, तर बहुधा कॅसेटचे दातेही झिजलेले असतात आणि खर्च कितीतरी वाढतो.

स्वस्त सायकलीचा शॉक-अप म्हणजे बहुतेकदा नुसती जड स्प्रिंग, हे खरंच. पण चांगला शॉक-अप सायकलीच्या निम्म्या किमतीला पडत असेल, तर बसवू नका. ते पैसे साठवा आणि पुढची सायकलच वरच्या दर्जाची घ्या.