अंकावरची कागदी पट्टी

आज आम्ही अशा एका कागदाबद्दल बोलणार आहोत, जो आपण सगळ्यांनीच आजवर फाडून केरात टाकला. पोस्टानं मासिक येतं, त्याच्याभोवती गुंडाळलेली पत्त्याची पट्टी. पट्टी फाडली, अंक उघडला, की तिचं काम संपलं, असं आम्हालाही वाटायचं.

मग दिवाळीच्या साफसफाईत आमच्या गटातल्या एकीच्या घरी माळ्यावरची ट्रंक उघडली. आत 'स्त्री' मासिकाचे जुने अंक होते. हे मासिक १९३० साली किर्लोस्करवाडीहून सुरू झालं. अंकांना कसर लागलेली, ते रद्दीत गेले. (आता हळहळतो!) पण तळाशी चार पट्ट्या नीट घडी करून ठेवलेल्या सापडल्या. तिन्हींवर तिच्या आजेसासऱ्यांचं नाव. मासिक बायकांचं, वर्गणीदार पुरुष. चौथीवर मात्र 'सौ.' लावून आजेसासूबाईंचं स्वतःचं नाव. घरात तर सगळे सांगायचे, म्हातारीला वाचता येत नव्हतं. पट्टीवर नाव आहे म्हणून त्या वाचत होत्याच असं म्हणता येणार नाही. पण मग ती पट्टी जपली कुणी?

तेव्हापासून आम्ही पट्ट्या गोळा करतो.

परदेशात सरकारच अशा पट्टीवर तिकीट छापून विकायचं. अमेरिकेत १८६१ पासून आणि इंग्लंडात १८७० पासून अशा पट्ट्या निघाल्या. वर्तमानपत्र गुंडाळायचं, पत्ता लिहायचा, पेटीत टाकायचं. वेगळं तिकीट नको. त्या जमवणारे आणि त्यांचा अभ्यास करणारे लोक आहेत. आपल्या ट्रंकांत सापडते ती मासिकवाल्यांनी स्वतः छापलेली साधी पट्टी. तिच्यावर तिकीट चिकटवलेलं असतं, नाहीतर विनातिकीट टपालात टाकण्याच्या परवान्याचा क्रमांक छापलेला असतो.

पाकीट सोडून पट्टीच का? वर्तमानपत्राला टपालखर्च कमी लागतो. आत कुणी चिठ्ठी तर लपवली नाही ना, हे पोस्टाला पाहता यायला हवं, म्हणून दोन्ही टोकं उघडी. १८९८ च्या कायद्यात ही सवलत कुणाला, तेही ठरवलेलं होतं: अंक जास्तीत जास्त ३१ दिवसांच्या अंतरानं निघावा आणि वर्गणीदार खरेखुरे असावेत.

शिक्क्यावरची तारीख वाचता आली तर उत्तमच. पण शिक्का नेमका फाटलेल्या भागात जातो. तेव्हा बाकीच्या खुणा बघायच्या. तिकीट आण्यांतलं असेल तर ते १९५७ च्या आधी छापलेलं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामुळे पत्त्यात ४०१२०१ किंवा ४०१३०३ दिसलं की पट्टी त्यानंतरचीच. 'जि. ठाणे' लिहिलं असेल तर बहुधा १ ऑगस्ट २०१४ च्या आधीची, कारण पालघर जिल्हा त्या दिवशी झाला. बहुधा एवढ्यासाठी, की जुने पत्ते लोक वर्षानुवर्षं तसेच चालवतात. 'वर्गणी संपली' असा शिक्का असेल तर तोही टिपून ठेवा. पुढच्या वर्षी पट्टी आहे का नाही, यावरून त्या घरात मासिक सुरू राहिलं की बंद झालं, ते कळतं.

तिकीट पाण्यात भिजवून सुटं करू नका. पत्ता, तिकीट आणि शिक्का एकत्र असण्यातच सगळं आहे. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर अजिबात नको. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, म्हणून पट्टी कोऱ्या कागदाच्या घडीत, जमिनीपासून उंच ठेवा. कुठे मिळाली, कोणी दिली, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहा. आणि कुणाच्या घरच्या पत्त्याचा फोटो त्या घराला विचारल्याशिवाय गटावर टाकू नका.

वसईत 'सुवार्ता' मासिक येणारी घरं पुष्कळ आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते, तेव्हाच्या पट्ट्या कुणाच्या पुस्तकात खूण म्हणून राहिल्या असतील तर बघा. आमच्या मैत्रिणीच्या चौथ्या पट्टीवरचं तिकीट आण्यांतलं आहे. म्हणजे आजेसासूबाईंच्या तरुणपणातलं. शिक्क्याचा अर्धाच भाग उरलाय, त्यातलं साल अजून लागलेलं नाही. पुढच्या बैठकीला ती भिंग घेऊन येणार आहे.