अंतराळातील मालवाहू यान : शेवटच्या काही मीटरांची गोष्ट

अंतराळस्थानकातील माणसांना अन्न, पाणी, प्राणवायू लागतो आणि खुद्द स्थानकाला इंधन. तेवढ्या उंचीवरही विरळ हवा असते. तिच्या रोधाने स्थानक हळूहळू खाली सरकते, म्हणून त्याला अधूनमधून वर ढकलावे लागते. ही रसद पोचवण्यासाठी सोव्हिएत संघाने २० जानेवारी १९७८ रोजी 'प्रोग्रेस-१' हे निर्मनुष्य यान सोडले. सुमारे सात टनांच्या या यानात दोन टनांहून अधिक माल मावे. माणूसच नसल्याने आसने नकोत, परतीसाठी उष्णतारोधक कवचही नको. काम झाले की त्यात कचरा भरायचा आणि यान वातावरणात जाळून टाकायचे!

यान व स्थानक दोन्ही सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने धावत असतात, पण महत्त्व आहे ते त्यांच्यातील सापेक्ष वेगाला. जोडणीच्या क्षणी तो सेकंदाला २०-३० सेंटीमीटर असला की पुरे. तो दसपट झाला तर आघाताची ऊर्जा शंभरपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

म्हणूनच 'कुर्स' नावाची स्वयंचलित यंत्रणा रेडिओलहरींनी अंतर व वेग सतत मोजत असते. ती कीव्हमध्ये बनत असे. सोव्हिएत संघ फुटल्यावर ती रशियाला महाग पडू लागली. तिच्यावाचून भागेल का, हे पाहण्यासाठी २५ जून १९९७ रोजी 'मीर' स्थानकातून वासिली त्सिब्लियेव यांनी 'प्रोग्रेस एम-३४' हातांनी चालवून पाहिले. समोर होता फक्त यानातील कॅमेऱ्याने दाखवलेला पडदा, आणि त्यात मीरच्या मागे ढगाळ पृथ्वी.

चित्रावरून वेग का कळत नाही? वस्तूची प्रतिमा अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ५ किलोमीटरवरून यान ३० मीटर पुढे आले, तर प्रतिमा शेकडा एकानेही वाढत नाही. १०० मीटरवरून तेवढेच पुढे आले, तर ती जवळजवळ दीडपट होते. म्हणजे धोका डोळ्यांना दिसू लागतो तेव्हा ब्रेक लावायला वेळ उरलेला नसतो! दोष एकट्या चालकाच्या माथी मारणे आम्हांला म्हणूनच पटत नाही.

यान सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने 'स्पेक्त्र' या कक्षावर आदळले. भोक पडून हवा निसटू लागली. लाझुत्किन व मायकेल फोल यांनी दारातून गेलेल्या तारा तोडून तो कक्ष बंद केला. माणसे वाचली, पण स्पेक्त्रच्या सौरपंखांची वीज गेली. पुढचे प्रोग्रेस ७ जुलै रोजी व्यवस्थित जोडले गेले. त्या तारा पुन्हा जोडता याव्यात म्हणून खास बनवलेले झाकण त्यातूनच आले.