मोबाईलच्या बॅटरीचा जमाखर्च

पूर्वी पेठेतील तातडीचा मजकूर तारेने जात असे. ती तारसेवा २०१३ साली बंद झाली, आणि तत्पूर्वीच तिचे सारे काम मोबाईलने आपल्या अंगावर घेतले होते. आज भाव मोबाईलवर कळतो, नमुन्याचे छायाचित्र मोबाईलवर येते, ट्रक कोठवर पोहोचला ही खबर मोबाईलवर मिळते आणि पैशाची पोचही मोबाईलवरच होते. यास्तव दुपारी चारच्या सुमारास, पेढीवर भरण्याची घाई चालू असता आणि बँकेचा ओटीपी येण्याची वाट पाहत असता मोबाईल बंद पडणे म्हणजे भर बाजारात दुकानाला कुलूप लागण्यासारखेच आहे. मोबाईलची बॅटरी दिवसभर कशी पुरवावी, याविषयी आम्ही वाचून व स्वतः करून पाहून जे जाणले, ते व्यापारी बंधूंच्या नजरेस आणू इच्छितो.

प्रथम मुद्दल किती ते पाहू. हल्लीच्या सर्वसाधारण मोबाईलच्या बॅटरीवर ५,००० मिलीअँपिअर-तास असा आकडा असतो. तीत साठणारी वीज सुमारे १९ वॅट-तास भरते. मोबाईल सरासरी एक वॅट खाऊ लागला तर ती १९ तास पुरेल, दोन वॅट खाऊ लागला तर साडेनऊ तासांतच संपेल. वीजमंडळाच्या एका युनिटात १,००० वॅट-तास असतात. म्हणजे चार्जरमधील घट धरूनही एका युनिटात मोबाईल चाळीसएक वेळा भरतो. वीज महाग नाही. महाग आहे ती कोठी, कारण ती लहान आहे आणि आपण घरापासून दूर असता ती भरता येत नाही.

आता खर्चाची बाजू. मोठा वाटा पडद्याचा असतो, हे बहुतेकांस ठाऊक आहे. प्रकाश गरजेपुरता ठेवावा, पडदा अर्ध्या मिनिटात आपोआप विझेल असे करावे, एवढे सांगून तो विषय आम्ही सोडतो. ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही तो खर्च मोबाईलमधील रेडिओचा आहे. मोबाईल डेटा चालू असता हा रेडिओ मनोऱ्याशी बोलत असतो, आणि त्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. लहानसा संदेश पोहोचविण्यास त्याला क्षणभरही लागत नाही; परंतु काम संपताच तो निजत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने कित्येक सेकंद, सामान्यतः दहाच्या आसपास, तो जागाच राहतो आणि वीज खात राहतो. एक गोणी उतरवावयास हमालांची टोळी बोलावावी, गोणी उतरावी, पण दुसरी गाडी येईल म्हणून टोळी दारातच थांबावी आणि त्या थांबण्याची मजुरी आपल्या खात्यावर पडावी, असा हा प्रकार आहे. एकेक गोणी दिवसभर येत राहिली तर टोळी कधी घरी जाणारच नाही. सकाळपासून सुप्रभाताची चित्रे, क्षणोक्षणी बदलणारे भाव आणि न मागता येणाऱ्या जाहिराती या त्या एकेक गोण्या होत.

दुसरे कारण याहूनही वजनदार आहे, ते म्हणजे क्षीण सिग्नल. मनोरा जवळ असेल तर मोबाईल हळू आवाजात बोलतो. दूर असेल, किंवा मध्ये पत्रा व भिंती असतील, तर त्यास ओरडावे लागते. फोर-जी मोबाईलची प्रक्षेपणशक्ती कमाल २०० मिलीवॅटपर्यंत चढते, आणि तेवढी बाहेर टाकण्यासाठी बॅटरीतून त्याहून कितीतरी अधिक वीज ओढली जाते. उलट चांगल्या सिग्नलमध्ये तिचा अल्पसा अंश पुरतो. अँड्रॉइड मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ या सदरात सिमची स्थिती पाहिली असता सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. उणे ८५ हा चांगला आणि उणे १०५ हा क्षीण. या दोहोंत फरक विसाचा दिसतो. पण या मापात दर दहा अंकांस दहा पट असा हिशेब असल्यामुळे तो प्रत्यक्षात शंभर पटींचा असतो. काट्यावरचे आकडे वाचण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी हा काटाही वाचावयास शिकावे, असे आम्हास वाटते. आमची धान्याची गोदामे पत्र्याच्या छपरांची व लोखंडी शटरांची. पत्रा हा या लहरींचा शत्रू. तेथे मोबाईल खिशात स्वस्थ बसला आहे असे वाटते, पण तो आतल्या आत धडपडत असतो.

येथे एका स्नेह्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. बेळगावच्या रविवार पेठेतील या गृहस्थांचा मोबाईल दुपारी तीनलाच मान टाकी. एका विक्रेत्याने त्यांस नवा मोबाईल घेण्याचा सल्ला दिला, व किंमतही लगेच सांगितली. आम्ही पाहिले तो मोबाईलमध्ये दोन सिमकार्डे होती आणि दुसऱ्या कार्डास त्या गोदामात सिग्नलच नव्हता. सिग्नल नसलेले कार्ड गप्प बसत नाही. ते पुनःपुन्हा मनोऱ्याचा शोध घेत राहते. ते कार्ड सेटिंग्जमधून बंद करताच तोच मोबाईल रात्रीपर्यंत चालू लागला. नवा मोबाईल आणला असता तरी दुसरे कार्ड त्यात गेलेच असते.

तेव्हा करावे काय? पेढीवर वाय-फाय असल्यास मोबाईल त्यावर ठेवावा. जवळच्या यंत्राशी बोलावयास थोडी वीज पुरते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ या सदरात मोबाईल डेटावर चित्रे व चलच्चित्रे आपोआप उतरू नयेत अशी सोय आहे, ती करून घ्यावी. नमुन्याचे छायाचित्र हवे तेव्हा बोटाने उघडता येतेच. सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’ या सदरात कोणते अ‍ॅप किती खाते याची खतावणीच असते. जे अ‍ॅप आपण आठवड्यातून एकदा उघडतो पण जे रोज वरच्या ओळीत बसते, त्याची पार्श्वभूमीतील हालचाल बंद करावी. मात्र बँकेचे, पैशाच्या पोचीचे व व्हॉट्सअ‍ॅपचे अ‍ॅप यांस हे बंधन घालू नये, नाहीतर निरोप उशिरा येऊन भलताच घोटाळा होईल.

कित्येकांचा असा समज आहे की डेटा बंद केला म्हणजे जगाशी संबंध तुटला. तसे नाही. डेटा बंद असताही फोन येतात, जातात, आणि बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, त्यास डेटा लागत नाही. दुपारच्या विश्रांतीत किंवा बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली असता डेटा बंद ठेवून काम लागेल तेव्हाच चालू करणे, यासारखा खात्रीचा उपाय दुसरा नाही. याउलट, मुनीमजींच्या संगणकास आपल्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून तासन्‌तास इंटरनेट पुरविणे हा सर्वांत खर्चिक व्यवहार होय. निदान तेव्हा चार्जर तरी लावावा.

फाइव्ह-जी सेवा भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा सिग्नल भरपूर असेल तेथे तक्रारीस जागा नाही. पण तो येतो-जातो असा असेल तर मोबाईल फोर-जी व फाइव्ह-जी यांच्यामध्ये हेलकावे खात राहतो आणि त्या येरझारांत वीज जाते. अशा गल्लीत नेटवर्कची पसंती फोर-जीवर ठेवलेली बरी. भाव पाहण्यास आणि पैसे पाठविण्यास फोर-जी पुष्कळ झाले.

गोव्याकडे माल पाठविणाऱ्या बंधूंस चोर्ला घाटाचा अनुभव असेलच. कणकुंबी सोडली की सिग्नल कित्येक ठिकाणी नाहीसाच होतो. तेथे मोबाईल विमान-अवस्थेत टाकावा. तसाही आपला फोन कोणास लागणार नसतो. नकाशा निघण्यापूर्वीच उतरवून ठेवला तर बहुतेक मोबाईलमध्ये तो या अवस्थेतही वाट दाखवितो. घाट उतरल्यावर ती अवस्था काढण्यास तेवढे विसरू नये.

दोन जुन्या समजुती सोडून द्याव्यात. उघडलेली अ‍ॅप्स दर घटकेस बोटाने उडवून लावल्याने बचत होत नाही. ती पुन्हा मुळापासून उघडावयास उलट अधिक वीज लागते. आणि बॅटरी पूर्ण संपल्याखेरीज भरू नये हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा होता. १९९१ पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीस तो लागू नाही. तिला रिकामे राहणेही मानवत नाही व सदैव तुडुंब असणेही मानवत नाही. वीस ते ऐंशी टक्के ही तिच्या सुखाची मर्यादा. कित्येक मोबाईलमध्ये ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय आता असते.

तिचा खरा वैरी उष्णता. ३५ अंशांपुढील उष्ण्यात वारंवार राहिल्यास तिची कोठी कायमची आकसते. तूर पाहावयास उन्हाळ्यात कलबुर्गीस जाताना मोबाईल मोटारीच्या काचेमागे उन्हात ठेवावा, त्यावर नकाशा व डेटा चालू असावा आणि त्याच वेळी चार्जरही लावलेला असावा, हे तिन्ही एकदम करू नये. जाड कव्हर घालून, उशीखाली ठेवून रात्री भरणे हेही तसेच.

दोन-तीन वर्षांत बॅटरी थकतेच. तेव्हा मोबाईल न बदलता अधिकृत दुकानातून बॅटरी बदलून घ्यावी. त्यास नव्या मोबाईलच्या किमतीचा थोडाच अंश लागतो. बॅटरी फुगून मोबाईलची पाठ उचलली गेल्याचे दिसले तर तो भरण्यास लावू नये, ती टोचू किंवा दाबू नये, आणि बारदानाच्या ढिगाशेजारी तर क्षणभरही ठेवू नये; अशी बॅटरी आग धरते. ती कचऱ्यात न टाकता त्याच दिवशी दुरुस्तीच्या दुकानी किंवा ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात पोहोचती करावी.