डेलिका घ्यावी की पिकअप?

उत्तर अमेरिकेत डोंगरात, जंगलात मुक्कामी फिरण्यासाठी गाडी घेऊ पाहणाऱ्यांपुढे दोन पर्याय येतात. एक म्हणजे गल्लोगल्ली दिसणारी पिकअप. दुसरा, जपानहून जहाजाने आलेली, पंचवीस-तीस वर्षे वापरलेली फोर-व्हील ड्राइव्ह व्हॅन. महाराष्ट्रात पिकअप म्हटले की भाजीचे क्रेट भरून पहाटे बाजार समितीकडे निघालेली गाडी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत आणि कॅनडात मात्र पिकअप ही घरची गाडी आहे. तिच्यातूनच मुले शाळेत जातात आणि सुट्टीत बोटही ओढली जाते. फोर्डच्या एफ मालिकेने तर पिकअपच्या विक्रीतला पहिला क्रमांक १९७७पासून सोडलेला नाही. अशा देशात कुणी जुनी जपानी व्हॅन का घ्यावी, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्यासारखा आहे.

या व्हॅनमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे ती मित्सुबिशीची डेलिका. १९६८मध्ये ती छोटा मालवाहू ट्रक म्हणून बाजारात आली. १९८२मध्ये तिला फोर-व्हील ड्राइव्ह मिळाला, १९८६मध्ये ‘स्टार वॅगन’ ही पिढी आणि १९९४मध्ये ‘स्पेस गिअर’ आली. डकार रॅली १२ वेळा जिंकलेल्या पजेरोची यांत्रिक घडण या व्हॅनच्या पोटात आहे. स्पेस गिअरचे २.८ लिटरचे ४एम४० डिझेल इंजिन भारतीय वाचकांनाही परके नाही, कारण हिंदुस्थान मोटर्सने भारतात विकलेल्या पजेरो एसएफएक्समध्ये तेच होते. उंच चाके, खाली लो गिअर आणि वर सात-आठ जणांना बसायची खोली, असा हा मेळ आहे. तो अमेरिकी कंपन्यांनी फारसा कधी जमवला नाही. डेलिकाचे चाहते तिच्यासाठी एवढा खटाटोप करतात, तो त्यामुळेच.

तो खटाटोप सुरू होतो कायद्यापासून. अमेरिकेने १९८८मध्ये कायदा कडक केला आणि तिथल्या सुरक्षा-निकषांना धरून न बनलेली परदेशी गाडी आणणे सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य झाले. फक्त २५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला सूट आहे, आणि ही वर्षे गाडी बनली त्या महिन्यापासून मोजतात. प्रदूषणाच्या संघीय नियमांतली सूट २१ वर्षांनी मिळते. कॅनडात ही मर्यादा १५ वर्षांचीच आहे. म्हणून १९९४ची स्पेस गिअर कॅनडात २००९मध्ये येऊ शकली, अमेरिकेला मात्र २०१९ची वाट पाहावी लागली. २००७मध्ये आलेली पुढची पिढी, डेलिका डी:५, कॅनडातल्या रस्त्यांवर आली आहे. अमेरिकेत ती २०३२च्या आधी रीतसर येणार नाही. शिवाय कॅलिफोर्नियासारख्या राज्याचे प्रदूषणनियम संघराज्याहून कडक आहेत. गाडी बंदरात उतरली म्हणजे घरच्या राज्यात तिची नोंदणी होईलच असे नाही. ही चौकशी पैसे भरण्याआधी करायची असते.

मग जपानची छोटी पिकअपच का आणू नये? त्याचे उत्तर एका जुन्या भांडणात आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपीय देशांनी अमेरिकी कोंबडीच्या मांसावर जबर कर लावला. उत्तरादाखल अमेरिकेने आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. ‘चिकन टॅक्स’ या नावाने ओळखला जाणारा हा कर १९६४पासून लागू आहे. जपानी कंपन्या पुढे पिकअप अमेरिकेच्या भूमीवरच बनवू लागल्या त्यामागे या कराचा मोठा हात आहे. जगभर चालणारी टोयोटा हायलक्स तिथे नव्याने विकत मिळत नाही, तिच्या जागी १९९५पासून टॅकोमा आहे. सीट असलेली प्रवासी व्हॅन मात्र ट्रकच्या व्याख्येत बसत नाही. आयातीची पिकअप महाग पडते आणि आयातीची व्हॅन परवडते, असा हा हिशेब आहे.

दोन्ही गाड्यांना फोर-व्हील ड्राइव्ह असला तरी तो एकसारखा नसतो, आणि खरेदीदार नेमके हेच बघायला विसरतात. वळणावर गाडीची चारही चाके वेगवेगळे अंतर कापतात, पुढची जास्त आणि मागची कमी. बहुतेक पिकअपमध्ये फोर-व्हील लावला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. चिखलात किंवा बर्फात चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, सगळा पीळ गिअरच्या दातांवर येतो, आणि वळताना गाडी कुणी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळते. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर तो लावायचा नसतो. स्टार वॅगनचीही रचना अशीच आहे. स्पेस गिअरच्या ‘सुपर सिलेक्ट’ यंत्रणेत मात्र मध्ये आणखी एक डिफरन्शियल आहे. ते हा फरक सामावून घेते आणि चारही चाकांना जोर देत गाडी कोरड्या रस्त्यावरही चालते. लिव्हर पुढच्या टप्प्यावर नेला की ते लॉक होते, त्याच्याही पुढे लो गिअर. डोंगरातल्या रस्त्यावर एका वळणावर बर्फ आणि पुढच्या वळणावर कोरडे डांबर लागते, तिथे या एका सोयीचे मोल फार मोठे आहे.

मुक्कामाच्या बाबतीत व्हॅन उजवी आहे. सीट आडव्या पाडल्या की बिछाना तयार होतो. बाहेर पाऊस कोसळत असताना दार न उघडता मागे जाऊन झोपता येते. पिकअपच्या हौद्यावर टोपण बसवून झोपणारे खूप आहेत, पण त्यांना भर पावसात उतरून मागे जावे लागते. चार दारांच्या टॅकोमाचा आखूड हौदा तर जेमतेम पाच फुटांचा, त्यात फळी बंद करून उंच माणसाला पाय पसरता येत नाहीत. उलट ओली लाकडे, चिखलाने माखलेल्या सायकली, रेती, खत असे काही वाहायचे असेल तर हौदाच हवा. तो पाण्याच्या पाइपने धुऊन टाकता येतो. व्हॅनमध्ये हाच माल भरला की वास आणि ओल आठवडाभर मुक्कामाला राहते.

वजन ओढण्यात दोन्हींची तुलनाच होत नाही. योग्य इंजिन आणि जोडणी असलेली आजची एफ-१५० पाच टनांहून जास्त वजनाचा ट्रेलर ओढते. स्टार वॅगनचे २.५ लिटरचे ४डी५६ टर्बो डिझेल इंजिन जेमतेम ८५ अश्वशक्तीचे. लांब चढावर ते गरम होते, आणि गरम झाल्यावरही तसेच रेटले तर सिलिंडर हेडला तडा जातो. या इंजिनाची ही जुनी, सर्वांना ठाऊक असलेली दुखरी बाजू आहे. म्हणून डेलिका चालवणाऱ्याची नजर तापमानाच्या काट्यावर हवी. काटा वर सरकू लागला की वेग कमी करायचा आणि वेळ पडली तर थांबायचे. ४डी५६ला टायमिंग बेल्ट आहे, तो वेळेवर बदलावाच लागतो. ४एम४०ला चेन आहे.

सुरक्षितता हा व्हॅनचा सर्वांत कच्चा भाग आहे. स्टार वॅगनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली आहे, चालक पुढच्या चाकांवर बसतो, आणि समोरून धडक झाली तर त्याचे गुडघे आणि समोरचे वाहन यांच्यात फारसे लोखंड नसते. त्यात स्टिअरिंग उजवीकडे. पुण्या-नाशिकला गाडी शिकून तिकडे गेलेल्या माणसाला ते सवयीचे वाटेल, पण अडचण स्टिअरिंगची नाही, रस्त्याच्या बाजूची आहे. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालताना उजवीकडे बसलेल्या चालकाला पुढच्या ट्रकपलीकडचे काही दिसत नाही. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करण्यासाठी त्याला आधी जवळजवळ सगळी गाडी समोरच्या लेनमध्ये काढावी लागते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विमा महामंडळाच्या अभ्यासात, उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांच्या चालकांकडून अपघात होण्याचा धोका डाव्या स्टिअरिंगच्या तुलनेत ४० टक्क्यांहून अधिक वाढलेला आढळला होता. शेजारी बसलेल्याने रस्ता सांगायचा आणि एकटे असताना ओव्हरटेकच करायचा नाही, हा नियम इथे पाळलाच पाहिजे.

जपानी लिलावातून गाडी घेताना तिचा तपासणी-कागद नीट वाचावा. त्यावर गाडीचे रेखाचित्र असते आणि प्रत्येक पत्र्यावर खुणा. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीच्या लाटा, ‘एस’ म्हणजे गंज. दर्जाच्या जागी ‘आर’ असेल तर गाडीला अपघात होऊन ती दुरुस्त झालेली आहे. बर्फाळ प्रदेशातल्या गाड्या वरून चकचकीत दिसल्या तरी रस्त्यावरच्या मिठाने खालून सडलेल्या असतात, त्यामुळे खालच्या बाजूचे फोटो मागितल्याशिवाय बोली लावू नये. पिकअपच्या बाबतीत हे सगळे सोपे आहे. गाडी समोर उभी असते, खाली वाकून टॉर्च मारता येतो, आणि सुटा भाग गावातल्या दुकानात त्याच दिवशी मिळतो. डेलिकाचा भाग ऑस्ट्रेलियाहून किंवा जपानहून मागवावा लागला तर गाडी तेवढे दिवस उभी.

घरात एकच गाडी असेल आणि सोमवारी सकाळी तिने सुरू व्हायलाच हवे असेल, तर पिकअप घ्यावी. दाराशी दुसरी गाडी आहे, जुने डिझेल समजणारा मेकॅनिक जवळ आहे, ओढायला ट्रेलर नाही आणि जंगलात गाडीतच झोपायचे आहे, अशांनी स्पेस गिअर घ्यावी. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात रेडिएटर, होज आणि थर्मोस्टॅट बदलून घ्यावेत.