उलटा फिरवलेला सेल

काचेच्या पेल्यात मोरचुदाचं निळंशार पाणी घ्या (पेला परत स्वयंपाकघरात नेऊ नका, मोरचूद विषारी!) आणि त्यात घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा टाका. अर्ध्या तासाने खिळ्यावर लालसर लेप दिसेल. तांबं! आलं कुठून? त्या निळाईतूनच. तिथे तांब्याचे अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन गमावून विरघळलेले होते. लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकले, स्वतः पाण्यात उतरलं, आणि तांबं खिळ्यावर येऊन बसलं.

म्हणजे वीज इथेही वाहिली, पण जागच्या जागी. लंडनच्या जॉन डॅनियलने १८३६ साली देणारा आणि घेणारा वेगवेगळे बसवले. एकीकडे जस्त, दुसरीकडे मोरचुदाच्या पाण्यात तांबं, मध्ये सच्छिद्र आडोसा. आता इलेक्ट्रॉनांना वाट एकच उरली, बाहेरची तार. जस्ताकडून तांब्याकडे जाता जाता तिथेच त्यांना राबवून घ्यायचं. जोर १.१ व्होल्ट! टॉर्चचा सेल घ्या नाहीतर हायड्रोजनवर चालणारा इंधनघट, खटपट हीच. देणाऱ्या-घेणाऱ्याची थेट गाठ पडू द्यायची नाही.

आता वापीजवळच्या सिल्वासाला चला. तिथे स्टरलाइट कॉपरचा तांबं शुद्ध करायचा कारखाना आहे. हे काम म्हणजे उलटा फिरवलेला सेल. यातून वीज घ्यायची नाही, यात घालायची. हौदात तेच मोरचुदाचं पाणी आणि सल्फ्युरिक ॲसिड. त्यात अशुद्ध तांब्याचा जाड पत्रा, समोर एक कोरा पत्रा. वीज सोडली की जाड पत्रा झिजत जातो आणि कोऱ्यावर तांबं चढत जातं.

जोर किती लागावा? साधारण ०.३ व्होल्ट, टॉर्चच्या सेलचा पाचवा हिस्सा! दोन्हीकडे तांबंच, मग रस्सीखेच कसली? प्रवाह मात्र प्रचंड हवा, कारण एक अँपिअर तासभर वाहिला तर हाती पडतं फक्त १.२ ग्रॅम तांबं.

आणि खरी करामत त्या तुटपुंज्या जोराचीच. लोखंड, निकेल पाण्यात उतरतात, पण त्यांना पुन्हा धातू करायला हा जोर पुरत नाही. ते पाण्यातच अडकतात. सोन्या-चांदीला तर तो जागचं हलवूही शकत नाही. भोवतालचं तांबं विरघळलं की ती आपली तळाशी घसरतात. ना चाळणी, ना गाळणी, आणि समोरच्या पत्र्यावर ९९.९९ टक्के शुद्ध तांबं! इतका सोस कशाला? तारेसाठी. तांब्यात फॉस्फरस चिमूटभर राहिला तरी इलेक्ट्रॉन ठेचकाळतात.

तळाशी साचतो तो काळपट गाळ, दिसायला अगदी चिखल. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी तुम्ही पाहिले असतील. तांब्याचे हौद उपसले की त्या चिखलाचंही पुढे तेच होतं.