तग (भाग ११) : अठराव्या महिन्यातला फोन

या आठवड्यात श्वासाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो आहे. या मालेतला वेलचेरीच्या गच्चीवरच्या मंडळींचा भाग वाचून इथल्याच, चेन्नईतल्या, एका वाचकबाईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. बाईंच्या जवळच्या नात्यातल्या एका तरुण मुलानं मागे आत्महत्येचा प्रयत्न केला. वाचला, घरी आला. तेव्हापासून घरात तो विषय बंद आहे. टीव्हीवर तशी काही बातमी लागली की कुणीतरी उठून चॅनल बदलतं. बाई विचारतात, “त्याला त्याबद्दल विचारावं की नाही? विचारलं तर पुन्हा तेच त्याच्या मनात येईल, असं घरात सगळे म्हणतात. आणि तुम्ही लिहिता ती आतली ताकद शेवटी ज्याची त्यालाच कमवावी लागते ना?”

पहिल्याचं उत्तर सोपं आहे : विचारा. सरळ शब्दांत विचारा. विचारल्यामुळे आत्महत्येची कल्पना डोक्यात शिरते ही समजूत जगभर आहे, पण जिथे जिथे ती तपासली गेली तिथे तिला आधार मिळालेला नाही. उलट कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून हायसं वाटलं, असंच माणसं सांगतात. चॅनल बदलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपण केलेली गोष्ट या घरात उच्चारायच्या लायकीचीही नाही.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यासाठी मला चेन्नईतही झालेल्या एका प्रयोगाकडे जावं लागेल. या विषयावर मी जे काही वाचलं, त्यातला हा माझा सगळ्यात लाडका प्रयोग. तो आवडायचं कारण म्हणजे त्यात औषध नाही, यंत्र नाही, महागडा उपचार नाही. आहे ते फक्त वेळापत्रक.

२००२ ते २००५ या काळात जागतिक आरोग्य संघटनेनं पाच शहरांमधल्या रुग्णालयांत हा प्रयोग केला : ब्राझीलमधलं कॅम्पिनास, श्रीलंकेतलं कोलंबो, इराणमधलं कराज, चीनमधलं युनचेंग आणि आपलं चेन्नई. इथली बाजू मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी सांभाळली. आत्महत्येचा प्रयत्न करून तातडीच्या विभागात आलेले एकूण १,८६७ जण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या गटालाही तेच उपचार, पण घरी जाण्याआधी प्रत्येकाशी तासभर निवांत बोलणं आणि त्यानंतर ठरलेल्या तारखांना नऊ वेळा संपर्क. फोन असेल तर फोन, नसेल तर घरी जाऊन भेट. विचारायचं काय, तर कसं चाललंय, काही मदत हवी आहे का. बस्स.

अठरा महिन्यांनी मोजदाद झाली. नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या १८ जणांनी त्या काळात आत्महत्या केली होती. नऊ वेळा विचारपूस झालेल्या गटातल्या दोघांनी. टक्केवारीत सांगायचं तर २.२ आणि ०.२. संघटनेच्या पत्रिकेत २००८ साली हे आकडे छापून आले. औषधांच्या चाचण्यांतही इतका फरक क्वचित दिसतो.

आता त्या नऊ तारखा बघा, कारण खरी मेख तिथे आहे. पहिल्या आठवड्यात एकदा. मग दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात. त्यानंतर चौथ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, वर्षानं आणि शेवटी अठराव्या महिन्यात. सुरुवातीला दाट, मग विरळ होत जाणाऱ्या. हे आखणाऱ्यांना माणसाची नाडी ठाऊक होती. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, म्हणून तिथे गर्दी. पण अकराव्या आठवड्याच्या फोनचं मोल मला जास्त वाटतं. तोवर नातेवाईक आपापल्या कामाला लागलेले असतात, रजा संपलेली असते, “आता बरा आहे तो” असं घरानं ठरवून टाकलेलं असतं. त्या वेळी कुणीतरी पुन्हा विचारतं. आणि अठराव्या महिन्यात? तोपर्यंत तो प्रसंग त्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाच्या लक्षातही नसतो.

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की येणाऱ्या-जाणाऱ्यांचं वेळापत्रक आपोआप लागतं. कडू घास येतो, दहावा, बारावा, तेरावा होतो, मग मासिक, मग वर्षश्राद्ध. श्राद्धावर विश्वास असो वा नसो, त्या तारखांना माणसं दारात येतात हे खरं. पण मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसासाठी असं काहीच ठरलेलं नाही. त्याच्या घरी कडू घास घेऊन कुणी जात नाही. गेलं तरी काय बोलावं कळत नाही, म्हणून आपण जातच नाही. त्या नऊ तारखांनी ही पोकळी भरली, असं मला वाटतं.

“पण फोन करणारे तज्ज्ञ असतील,” असं कुणी म्हणेल. या प्रयोगात ते डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ असेच होते, हे कबूल. पण ऐकून घेण्यासाठी पदवी लागत नाही, हे त्याच्या पन्नास वर्षं आधीच एका चहाच्या किटलीनं दाखवून दिलं होतं. लंडनमध्ये चॅड वाराह नावाचे एक पाद्री होते. उमेदवारीच्या काळात, १९३५ साली, त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीचा दफनविधी केला होता. पहिली पाळी आली, तो काहीतरी भयंकर रोग आहे असं समजून तिनं जीव दिला होता. विचारायला तिला कुणी नव्हतं. ते त्यांच्या मनात राहिलं. १९५३ साली सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये त्यांनी एक फोन ठेवला आणि आत्महत्येचा विचार करणाऱ्यांनी आपल्याशी बोलावं असं जाहीर केलं. लोक इतके यायला लागले की बाहेरच्या खोलीत रांग. ताटकळणाऱ्यांना चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक बसवले. थोड्याच दिवसांत वाराह यांच्या लक्षात आलं की रांगेतले अनेक जण आत न येताच परत जाताहेत, आणि जाताना बरे दिसताहेत. चहा देणाऱ्यांशी बोलून त्यांचं काम झालं होतं. पुढच्या वर्षी वाराह यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांकडेच सोपवलं. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी उभी राहिली.

डॉ. विजयकुमार यांनी १९८६ साली चेन्नईत ‘स्नेहा’ सुरू केली ती याच धर्तीवर. राजा अण्णामलैपुरममधल्या या केंद्रात साधी माणसं प्रशिक्षण घेऊन बसतात आणि ऐकतात. पैसे नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही, उपदेश नाही. तिथून ग्रीनवेज रोडवरचं वसंत विहार जवळच आहे. त्याच १९८६ च्या जानेवारीत तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींनी वसंत विहारात आपलं शेवटचं जाहीर भाषण केलं आणि पुढच्या महिन्यात ते गेले. मनात आधीचं काही न ठेवता ऐकणं म्हणजे काय, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. या दोन जागांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण त्या रस्त्यानं जाताना मला दोन्ही एकदम आठवतात, त्याला इलाज नाही.

ऐकायला शिकणं दिसतं तितकं सोपं नाही. आमच्या एका सराव-वर्गात दोघांना समोरासमोर बसवत. एकानं दुखणं सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. शिकवणाऱ्या बाई शेजारी वही घेऊन बसत आणि ऐकणारा ‘पण’ म्हणाला की एक रेघ मारत. “पण तुमची मुलं चांगली आहेत.” रेघ. “पण तुम्ही डॉक्टरांना का नाही भेटलात?” रेघ. पहिल्या सरावात पान भरायचं. त्यातही शिकलेल्या, हुशार माणसांची पानं लवकर भरायची. ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘खंबीर हो’, ‘इतरांकडे बघ, त्यांचं किती वाईट आहे’ ही आपल्याकडची घरगुती औषधं तर रेघांच्या पलीकडची. ती आली की बाई पेन खाली ठेवून नुसत्या बघत. आता लक्षात आलं असेल की श्वासाचा भाग मी पुढे ढकलला असला तरी तो विषय, म्हणजे अवधान, सुटलेला नाही. स्वतःच्या मनात उठणाऱ्या ‘पण’कडे बघून तो तोंडापर्यंत येऊ न देणं, ही अवधानाचीच कसरत आहे. फरक इतकाच की ती आपल्या शांतीसाठी नाही, समोरच्याला बोलता यावं म्हणून आहे. मला विचाराल तर अवधानाचा हाच उपयोग जास्त मोलाचा.

आता नऊ तारखांच्या त्या प्रयोगाची दुसरी बाजू, जी त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत. पाचही शहरं मिळून पाहिलं तर पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं, साडेसात टक्क्यांच्या आसपास. कमी झाले ते मृत्यू. चेन्नईचे आकडे २०११ साली वेगळे प्रसिद्ध झाले, त्यात मात्र मृत्यू आणि पुन्हा केलेले प्रयत्न दोन्ही कमी दिसले. पुढे फ्रेंच पॉलिनेशियात असाच प्रयोग झाला तर तिथे फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे ही काही जादूची कांडी नव्हे. जिथे सरकारी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर माणसाला विचारणारं दुसरं कुणीच नसतं, तिथे नऊ फोन फार मोठे ठरत असावेत, असा माझा अंदाज. अंदाजच म्हणतो.

अमेरिकेत जेरोम मोट्टो यांनी याहूनही साधं काही करून पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात असताना एक मुलगी त्यांना नियमानं पत्रं लिहायची, आणि त्या पत्रांचा आधार ते विसरले नव्हते. पुढे मनोविकारतज्ज्ञ झाल्यावर, १९६९ पासून, त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या अशा रुग्णांना निवडलं ज्यांनी रुग्णालयातून सुटल्यावर पुढचे उपचार नाकारले होते. ते ८४३ होते. त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास लोकांना पाच वर्षांत २४ पत्रं गेली. दोन-चार ओळींची : तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा, कळवावंसं वाटलं तर आनंदच होईल. उपचाराला या, असा आग्रह कुठेही नाही. पत्रं मिळालेल्यांतलं आत्महत्यांचं प्रमाण पहिली दोन वर्षं स्पष्टपणे कमी राहिलं. यावर एक संपूर्ण भाग लिहायची खुमखुमी आहे, पण श्वासवाले वाचक रागावतील.

आपल्याच शहरातलं आणखी एक सांगून थांबतो. २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी सकाळी त्सुनामी आली. त्यानंतर चेन्नईच्या किनाऱ्यावरच्या एका वस्तीत ज्यांनी घरची माणसं गमावली होती, त्यांच्याकडे प्रशिक्षित स्वयंसेवक जाऊन बसत राहिले. हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. वर्षानं अशीच झळ पोचलेल्या दुसऱ्या वस्तीशी तुलना केली तेव्हा या वस्तीतलं नैराश्य जास्त उतरलेलं दिसलं. कोळ्यांच्या वस्तीत दाराशी गेलं की आधी “साप्पिट्टाच्चा?” म्हणजे जेवलात का, असं विचारतात. ज्याच्या घरातलं माणूस समुद्रात गेलं त्यालाही आधी हेच विचारायचं, आणि तो बोलेपर्यंत बसायचं.

तर ताई, त्या मुलाला आतली ताकद एकट्यानं कमवायला सांगू नका. आज कॅलेंडर काढा आणि पुढच्या दीड वर्षातल्या नऊ तारखांवर खूण करा. घरात एका माणसानं ही जबाबदारी घ्यावी. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवू’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही. त्या त्या दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारा, “कसा आहेस? पुन्हा तसं काही मनात येतं का?” हो म्हणाला तर घाबरू नका, तिथून उठू नका, उपदेश करू नका, त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मध्यरात्र असेल तर सरकारच्या ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक लावा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि तमिळमध्ये बोलता येतं तसं मराठीतही बोलता येतं.