दोरी ओढण्यापूर्वी

गोदावरीच्या काठच्या माणसांना होडी परकी नाही. परंतु होडीच्या पाठीमागे टांगलेले पेट्रोलचे यंत्र आम्हा मराठवाड्यातील मंडळींना अजून पाहुण्यासारखेच वाटते. आपल्या शहरापासून पैठण सुमारे पन्नास किलोमीटर. तेथे जायकवाडीच्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. तेव्हापासून कोरडवाहू शिवाराच्या मधोमध सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचा नाथसागर पसरला आहे. आपल्या नळाला येते ते पाणी तेथलेच. मासेमारीसाठी वल्ह्याची होडी आणि थर्माकोलचा चप्पू तेथे आजही चालतो. परंतु लांबचा पल्ला, वारा आणि पूर या तिन्ही गोष्टी यंत्राची मागणी करतात. त्यांतही पूर. ऑगस्ट २००६ मध्ये धरणाचे पाणी सोडावे लागले तेव्हा पैठणमध्ये पाणी शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा गोदाकाठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. अशा रात्री छपरावर बसलेल्या माणसाला बोट किती अश्वशक्तीची आहे याच्याशी कर्तव्य नसते. तिचे यंत्र सुरू होते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

म्हणून आज आम्ही एका अगदी साध्या गोष्टीविषयी बोलणार आहोत : जुने आऊटबोर्ड यंत्र सुरू होत नसेल तर काय पाहावे, आणि कोणत्या क्रमाने पाहावे.

प्रथम आमची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी नाथसागरावर आम्ही दोघे-तिघे एका उसन्या होडीतून निघालो. यंत्र उत्तम सुरू झाले, आठ-दहा मिनिटे चालले आणि खोकत खोकत बंद पडले. आम्ही दोरी ओढू लागलो. एकाचे हात दुखले की दुसरा, दुसऱ्याचे दुखले की तिसरा. तळहातांना फोड आले, वाऱ्याने होडी आडवी होऊन वाहू लागली. शेवटी एक वृद्ध मासेमार आपली होडी वल्हवीत जवळ आले. त्यांनी यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही, पायाशी ठेवलेल्या पेट्रोलच्या टाकीकडे पाहिले आणि म्हणाले, “सायेब, झाकणावरचा स्क्रू उघडला का?” आम्ही उघडला नव्हता. टाकीत हवा जायला वाट नाही म्हणजे पेट्रोल बाहेर यायलाही वाट नाही. स्क्रू सैल करताच सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. नळीवरचा रबरी फुगा चपटा झाला होता तो पुन्हा गोल झाला. तो चार-सहा वेळा दाबला आणि तिसऱ्या ओढीला यंत्र बोलू लागले. त्या दिवशी आम्हांला जे कळले तेच आज विस्ताराने सांगत आहोत. यंत्र दंडाच्या जोराने सुरू होत नाही. त्याला काय कमी पडले आहे हे विचारावे लागते.

हे यंत्र तसे शंभर वर्षांपेक्षा जुने. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरुड याने १९०९ साली आपली यंत्रे विकावयास काढली. दीड अश्वशक्ती आणि वजन ६२ पौंड! उन्हाळ्यात तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना ते वितळले, त्या रागातून हे यंत्र जन्मले अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशी का असेना, गोष्ट गोड आहे. त्याच्या नावाची यंत्रे २०२० साली निघायची बंद झाली. तेव्हा अशी जुनी यंत्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती जपून वापरणे आणि स्वतः समजून घेणे हाच मार्ग उरतो.

समजून घेणे अवघडही नाही. या सभागृहातील निम्म्या लोकांनी कधी ना कधी जुनी बजाज स्कूटर चालवली असेल. वाळूजला १९८५ पासून त्या कंपनीचा कारखाना असल्यामुळे आपल्या शहराचा या वाहनाशी विशेष घरोबा. सकाळी किका मारून मारून ती सुरू झाली नाही की आपण तिला एका बाजूला कलती करीत असू. जुने आऊटबोर्ड म्हणजे त्याच दोन फटक्यांच्या इंजिनाचे पाण्यातले भावंड. त्याच्या पोटात वेगळे ऑइल साठवलेले नसते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण त्या पोटातूनच वर जाते, म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पन्नासास एक या प्रमाणात लिटरला २० मिलिलिटर, पंचवीसास एक असेल तर ४०. आपल्या यंत्राचे प्रमाण त्याच्या पुस्तिकेत पाहावे. ऑइल कमी पडले तर यंत्र सुरू होईल, पण फार दिवस जगणार नाही. जास्त पडले तर धूर होईल आणि प्लग काळा पडेल.

कोणत्याही पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी हव्या असतात : योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि पुरेसा दाब. परंतु या तिघांकडे वळण्यापूर्वी आणखी दोन किरकोळ गोष्टी पाहाव्यात, कारण बहुतेक वेळा दोष तेथेच असतो. एक, चालवणारा पाण्यात पडला तर यंत्र थांबावे म्हणून लावलेली लाल दोरी आणि तिची खिटी जागेवर आहे का? खिटी निघालेली असेल तर ठिणगी मुळीच पडणार नाही. दोन, गिअर मधोमध, म्हणजे न्यूट्रलवर आहे का? त्यानंतर टाकीचा स्क्रू, नळी दोन्ही टोकांस नीट बसली आहे की नाही, आणि फुग्यावरचा बाण यंत्राकडे आहे की नाही. फुगा दाबत राहावा. तो हाताला टणक लागला पाहिजे. टणक होत नसेल तर जोडातून हवा शिरते आहे किंवा फुग्यातली झडप गेली आहे. यंत्र गार असेल तर चोक ओढावा, तापलेले असेल तर ओढू नये. गरम यंत्राला चोक देणे म्हणजे जेवून उठलेल्याला पुन्हा पानावर बसवणे.

एवढे करूनही आठ-दहा ओढींत काम झाले नाही तर दोरी सोडावी आणि प्लग काढावा. वैद्य जसा आधी नाडी पाहतो तसा येथे प्लग पाहायचा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगी नाही किंवा पेट्रोल अति झाले आहे. या एका परीक्षेने अर्धे काम होते, आणि तरी ती न करता लोक थेट कार्ब्युरेटर उघडतात याचे आम्हांला नेहमी नवल वाटते.

ओला प्लग पुसून वायरला जोडावा आणि त्याचे धातूचे अंग यंत्राच्या उघड्या धातूला टेकवावे. मात्र प्लगच्या भोकापासून दूर, आणि सांडलेले पेट्रोल आधी पुसून, वाफ उडून जाऊ देऊन. वायर उघड्या हाताने धरू नये, झटका चांगलाच बसतो. आता दोरी ओढली की निळसर, जाड ठिणगी दिसावी. पिवळट, बारीक असेल तर ती दाबाखाली टिकत नाही. आधी दुसरा प्लग लावून पाहावा; तो सर्वांत स्वस्त उपाय. तरीही ठिणगी नसेल तर जुन्या यंत्रांत बहुधा पॉइंटचा दोष असतो. या यंत्रांना बॅटरी नसते. चुंबक बसवलेले जड चाक कॉइलभोवती फिरते, वीज निर्माण होते, आणि पॉइंट उघडताच तिची ठिणगी बनते. यंत्र वर्षभर पडून राहिले की या पॉइंटांच्या तोंडावर पापुद्रा धरतो. जाडसर स्वच्छ कागदाची पट्टी मधून दोन-चारदा ओढली तर पुष्कळदा ठिणगी परत येते. काही यंत्रांत त्यासाठी चाक काढावे लागते. ते योग्य ओढणीनेच काढावे, हातोडीने नव्हे.

आता कोरडा प्लग. येथे आजकालच्या पेट्रोलविषयी बोलणे भाग आहे. आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. धरणाच्या पाण्यावर ऊस, उसावर साखर कारखाना, त्यातून इथेनॉल, आणि ते पुन्हा धरणावरच्या होडीच्या टाकीत, असे हे चक्र आहे. परंतु इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे बसते, आणि यंत्राची नळी तर तळातूनच ओढते. शिवाय जुनी रबरी नळी व पडदे त्याने फुगतात, मऊ पडतात. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरावे; तळाशी वेगळा थर दिसला किंवा वार्निशासारखा वास आला तर ते टाकीतून काढून टाकावे. गेल्या पावसाळ्याचे पेट्रोल पोटात घेऊन गोदामात पडलेली बचाव-बोट यंदाच्या पुरात सुरू होणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीला एक स्क्रू असतो. तो उघडून काय पडते ते पाहावे. काहीच पडले नाही तर अडथळा अलीकडे, गाळणीत किंवा पंपात आहे. पेट्रोल पडले आणि तरी प्लग कोरडा, तर जेटचे सुईएवढे भोक वाळलेल्या पेट्रोलच्या राळेने बुजले आहे. ते द्रावणात भिजवून हवेने फुंकावे. तार घालू नये. भोक तसूभर जरी वाढले तरी मिश्रणाचे गणित बिघडते.

तिसरी गोष्ट दाब. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून ठेवावा आणि दोरी ओढवावी. अंगठा फेकला गेला पाहिजे. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही सारखे लागावेत. एक मेलेला असेल तर तेथे आपले काम संपले, मिस्त्रीचे सुरू झाले.

आणि हे सारे पाण्यावर घडत असेल तर आधी नांगर टाकावा. जीवरक्षक जाकीट अंगावर आणि वल्ही होडीत असल्यावाचून यंत्राच्या भरवशावर निघूच नये, हे आम्ही फोड आलेल्या हातांनी शिकलो.

काठावर तपासताना यंत्र कोरडे कधी चालवू नये. त्याला थंड ठेवणारा पंप रबराच्या पंख्याचा असतो, आणि पाण्यावाचून तो काही क्षणांत जळतो. यंत्राचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून चालवावे. मागून पाण्याची बारीक धार निघते की नाही ते पाहावे. बचावाच्या बोटींची यंत्रे महिन्यातून एकदा अशी पिंपात चालवली तर पुष्कळ झाले. ठेवून देताना नळी काढून, वाटीतले पेट्रोल संपून यंत्र आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून दोरी दोनदा हलकेच ओढावी आणि प्लग परत बसवावा. टाकी रिकामी करावी. झाकणावरचा तो स्क्रू मात्र आता घट्ट बंद करावा.